कोरडा दांडा

आमच्या बागेतली लाल वाइन वहिनी बनवायच्या, आणि त्यांनी आयुष्यात तिचा थेंबही चाखला नाही. आमचं घर लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारं. दारू विकायला चालेल, प्यायला नाही, असं थोरल्या भावाने, अण्णांनी, ठरवून टाकलेलं. मग वहिनी टाकीला कान लावायच्या. आतली खदखद ऐकायच्या, झाकण किलकिलं करून वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आज पोरगं खुशीत हाय की."

सोलापुरातली गिरणी बंद पडल्यावर मी अक्कलकोटजवळच्या या बागेत अण्णांकडे राहायला आलो. बायको वारलेली, मूलबाळ नाही, दुसरं घर नाही.

लाल वाइन सालींसकट आंबते. साली फुगून वर येतात. त्यांचा थर लाकडी दांड्याने दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, नाहीतर तो सुकतो आणि वाइन आंबून टाकीभर शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. हे काम वहिनींचं. हंगामात त्यांचे हात कोपरापर्यंत जांभळे असायचे. हळदीकुंकवाला कुणी हसत विचारलं, "वैनी, ही मेंदी कुटल्या गावची?" तर म्हणायच्या, "आमच्या मालकांनी लावलीया. हंगामभर उतरत न्हाय."

एका हंगामात त्यांची आई पडल्याचा निरोप आला. माहेर सीमेपलीकडे, कन्नड मुलखात. त्यांनी दांडा माझ्या हातात दिला. "भावजी, तेवढं दाबत ऱ्हावा. आव्वाला बघून येते."

पहिल्या दिवशी मी दाबलं. मग सोलापूरला गेलो, आणि गिरणीतले जुने सोबती भेटले म्हणून तिथेच रमलो. अण्णा द्राक्षांच्या खुडणीत गुंतलेले. त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा, दाबूनच निघालोय, असं मी सांगितलं.

वहिनी परतल्या तेव्हा टाकीतून शिरक्याचा वास येत होता. अण्णा त्यांच्यावरच उसळले. "जाताना ध्यान माहेराकडं. झाकण तरी नीट लावलंस का? आता हंगामात बागंच्या भाईर पाऊल टाकायचं न्हाय." मी दारात उभा होतो. वहिनींनी दांडा धुतला आणि खुंटीला अडकवला.

त्यानंतर वहिनी कुठल्याच हंगामात बाहेर पडल्या नाहीत. त्यांची आई गेली तीही ऐन हंगामात. फोन आला तेव्हा त्या टाकीपाशीच होत्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी टाकीकडे. घरातलं कुणीतरी जायला हवं म्हणून अण्णांनी मला पाठवलं. वहिनींच्या आईला माती मी देऊन आलो. आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आव्वाच्या अंगावर लुगडं कुटलं होतं?" मी पाहिलंच नव्हतं.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मी धीर करून म्हणालो, "वहिनी, त्या वर्षीची टाकी..."

"दांडा कोरडा होता, भावजी. आल्या आल्या हात लावून बगितला की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला ह्यांनी बोलून सोडलं. तुमास्नी घरातनं काढलं असतं. कुटं गेला असता?"

त्या गेल्या. आता दांडा माझ्याकडे आहे. हंगामात मलाही कुठे जाता येत नाही. टाकीला कान लावतो, पण खुशीतलं आणि रुसलेलं मला वेगळं ऐकू येत नाही.

बागेत वाइन चाखायला पाहुणे आले की अण्णा अजून हसत सांगतात, "येकदा बायको माहेरी गेली आन् अख्खी टाकी नासली." मी पेले भरत असतो. हे लिहून झालं की अण्णांना वाचून दाखवणार आहे. दुसरं घर मला आजही नाही.