चाचांच्या पानावरचं दुसरं नाव

सगळं सुरळीत चाललेलं पाहून ज्याच्या पोटात गोळा येतो असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या नशिबी साहेब म्हणून आला. आमची कंपनी मोठी. साबणापासून चहापर्यंत घराघरात लागणारं सगळं विकणारी. तिचा माल दुकानांत पोचतो तो गावोगावच्या एजन्सीवाल्यांमार्फत. या एजन्सीवाल्यांची आणि त्यांच्याकडच्या सेल्समनची काळजी करणं हे साहेबांचं काम, आणि काळजीचा पगार इतका हलाल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शर्टाच्या खिशात एक निळी डायरी. दर पानावर एक नाव आणि त्याखाली दुसरं, म्हणजे हा गेला तर कोण. कळंबच्या सेल्समनखाली त्याचा मावसभाऊ, ढाणकीच्या एजन्सीवाल्याखाली त्याचा साडू. एखाद्या सेल्समननं नवे बूट घातले की साहेब मला बाजूला घेत. "इंटरव्ह्यूले गेलता हा," ते म्हणत. बिचाऱ्याचं लग्न ठरलेलं असे. मग साहेब लग्नाला जात, अक्षता टाकत, आणि जेवणाच्या पंगतीत सासऱ्याला हळूच विचारत, "जावयाले तिकडं घेऊन तं नाही जाणार ना?"

फक्त एका पानावर दुसरं नाव नव्हतं. ते पान पांढरकवड्याच्या चाचांचं. चाचा पंचाहत्तरीचे, एजन्सी वीस वर्षांची, आणि साहेबांचा तिथला चहाही तेवढाच जुना. मोठा मुलगा दूर देशी, धाकट्याचं गॅरेज. दोघांनाही खोक्यांच्या धंद्यात रस नाही. दिवाळीच्या तोंडावर वरून पत्र आलं: सत्तरीपुढच्या प्रत्येक एजन्सीवाल्यानंतर कोण ते कळवा, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला द्या. चाचांची एजन्सी गेली असती तर तिच्यावर जगणारे सहा सेल्समनही रस्त्यावर आले असते.

साधा प्रश्न होता, चाचांना विचारायचा. साहेबांना तो विचारवेना. तीन वेळा आम्ही पांढरकवड्याला गेलो, तीन वेळा चहा प्यालो आणि कापसाच्या भावावर बोलून परत आलो. "ज्याच्या घरचा चहा पेतो त्याले कसं इचारू रे, तू मेल्यावर कोण म्हणून?" साहेब गाडीत म्हणाले. शेवटी त्यांनी चाचांनंतरसाठी केळापूरचा एक तरुण किराणा व्यापारी गुपचूप हेरून ठेवला आणि त्याला बजावलं, पांढरकवड्यात गोडाऊन पाहून ठेव, बोभाटा करू नको, पण दोन खोल्यांचंच बघ. चहा आणि साबण एका खोलीत ठेवले तर चहाला साबणाचा वास लागतो, म्हणून आमच्या कंपनीचा तो नियमच आहे. आता पांढरकवड्यात दोन खोल्यांचं रिकामं गोडाऊन एकच, आणि त्याचे मालक चाचा. व्यापारी सरळ मनाचा. तो नेमका तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा चाचांच्या एजन्सीचं शटर अर्धं खाली होतं. सहाही सेल्समन मोटारसायकली लावून बाहेर उभे, एकही जण रूटवर गेलेला नाही. आत चाचांनी टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला होता. चहा आला नाही, आणि मला तेव्हा खरोखर भीती वाटली.

"काल एक लडका आलता," चाचा शांतपणे म्हणाले. "दोन खोल्या पाहिजे म्हणे. एक चहाले, एक साबणाले. मले वाटलं, वा, अगदी आपल्यासारखी कंपनी दिसते."

साहेब म्हणाले, "चाचा, इचाराची हिंमत नाही झाली."

"आणि दुसरा आणाची झाली?"

साहेबांनी खिशातली डायरी काढून चाचांचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. खाली पेन्सिलीनं केळापूरवाल्याचं नाव लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. कागद तिथे विरून गेला होता. चाचांनी तिथून एकदा बोट फिरवलं. किल्ल्या मात्र जागच्या हलल्या नाहीत.

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर चाचांची धाकटी सून बिलं काढत बसली होती. आम्ही येऊ-जाऊ तेव्हा ती तिथेच असायची. स्क्रीनवरून नजर न उचलता ती म्हणाली, "साहेब, माझं नाव लिहा ना. आठ वर्षांपासून माल मीच लावून राह्यली."

 मग शटरखालून एका सेल्समनचा आवाज आला, "आमी सुट्टीबी भाभीलेच मागतो, साहेब."

जिल्ह्यातल्या प्रत्येक सेल्समनचे बूट ओळखणाऱ्या साहेबांना, दर वेळी जिच्या हातून बिल घेतलं ती दिसली नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नाही. चाचांनी सुनेकडे असं पाहिलं, जणू ती त्यांनाही आजच दिसली. मग त्यांनी किल्ल्या उचलल्या, तिच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि साहेबांना म्हणाले, "लिहा. पेनानं लिहा." साहेबांनी लिहिलं. केळापूरवाल्याची माफी मागायला दुसऱ्या दिवशी ते मिठाई घेऊन गेले.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. त्या दिवशी साहेबांनी जन्मात पहिल्यांदा सगळ्या सेल्समनना रूटवर जाऊ नका म्हणून सांगितलं. पुढं एजन्सीचं एक खोकंही इकडचं तिकडे झालं नाही. भाभींनी सगळं सांभाळलं, वरून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र घेऊन आम्ही पांढरकवड्याला गेलो, तर साहेब गोडाऊनसमोर गाडीतच बसून राहिले.

"एजन्सीले माणूस भेटलं रे," ते म्हणाले. "चहाले नाही भेटून राह्यलं."

मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळानं भाभीच चहा घेऊन बाहेर आल्या, साहेबांनी तो गाडीतच बसून घेतला. गेलेल्या माणसाच्या नावावर डायरीत काट मारायची त्यांची पद्धत आहे. चाचांच्या नावावर ती अजून मारलेली नाही.