सासूबाईंच्या दातांमधली फट

कवळ्या बनवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे टापटीपराव म्हणत. चष्मा पुसायच्या फडक्याचीही चौकोनी घडी करणारा माणूस! संगणकात काही कुरकुरलं की त्यांचा उपाय ठरलेला, तीन कमांडचा: कंटेनर थांबवा, काढून टाका, नवा उभा करा.

"कंटेनर म्हणजे डबा हो," ते मापं घेणाऱ्या बाईंना समजावत. "एकेका कामाचं सॉफ्टवेअर एकेका डब्यात. डब्यावर जीव लावायचा नाही, बिघडला की फेकायचा! जपायची ती माहिती, आणि ती असते बाहेरच्या कपाटात. डबा मांडताना कपाटाला जोडला की झालं."

"मांडा मांडा," बाई म्हणत. "घरी भांडी तरी घासता का?"

मंगळवारी अकराच्या सुमारास बाईंनी हाक मारली. "टापटीपराव, जुन्या दातांची मापं उघडता उघडता म्हातारी व्हायची मी."

जुन्या दातांची मापं म्हणजे दात काढण्याआधी घेतलेली. कवळी हुबेहूब आपल्याच दातांसारखी हवी असणाऱ्या नऊ हौशी मंडळींची. त्यांत खुद्द टापटीपरावांच्या सासूबाई! "पुढच्या दोन दातांमधली फट राहिलीच पाहिजे, नाहीतर आरशात परकीच बाई दिसायची," असं बजावून त्यांनी गेल्या आठवड्यात सगळे दात काढून घेतले होते.

टापटीपरावांनी बोटं मोडली आणि तिन्ही कमांड झाडल्या. अर्ध्या मिनिटात नवाकोरा डबा चालू.

"घ्या! पळतोय की नाही घोड्यासारखा?"

"पळतोय. पण यादी कोरी आहे."

"पान पुन्हा उघडा."

"उघडलं. कोरीच आहे."

टापटीपरावांनी कपाट उघडून पाहिलं. आत काही नाही. पूर्वी दिलेल्या कमांडची यादी त्यांनी मागे मागे सरकवत नेली. तीन आठवड्यांपूर्वी, फोन खांद्याशी धरून घाईघाईत त्यांनी हा डबा पहिल्यांदा मांडला होता. त्या ओळीत कपाट जोडणारा तुकडाच नव्हता! सगळी मापं डब्यातच साठत गेली, आणि तो डबा त्यांनी आत्ताच, स्वतःच्या हातांनी, फेकला होता. रोज रात्री राखीव प्रत निघायची ती कपाटाची. एकवीस रात्री रिकाम्या कपाटाची इमानेइतबारे नक्कल झाली होती.

बाई एरवी सगळी प्रयोगशाळा डोक्यावर घेत. आज त्या नुसत्या स्टुलावर बसल्या.

"नऊही जणांचे दात काढून झालेत," त्या हळूच म्हणाल्या. "आता परत माप घेणार कशाचं?"

दुपारी टापटीपराव सासूबाईंसमोर उभे राहिले. त्या सूप पीत होत्या. टापटीपरावांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न चोरता. सासूबाईंचा चमचा हवेतच राहिला.

"म्हणजे डॉक्टरांनी एकदा काढले, ते तुम्ही परत काढलेत?"

"हो."

"फोटोवरून करा मग!"

"फोटोत तुम्ही कायम तोंड मिटून बसता."

टापटीपरावांनी खिशातली पेन्सिल काढली आणि ते एका पाकिटाच्या पाठीवर रेघा ओढायला लागले. दोन दात, मधली फट, डावा किंचित आत वळलेला, उजव्याचा कोपरा उडालेला. सासूबाईंनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचं बोळकं उघडंच राहिलं.

"अगंबाई! बावीस वर्षं तुम्ही माझ्यासमोर मान वर केली नाहीत, जावईबापू. हे पाहिलंत कधी?"

"तुम्ही मला हसायचात तेव्हा."

प्रयोगशाळेत परतल्यावर बाईंनी ते पाकीट नीट न्याहाळलं. "जमेल. पण उरलेले आठ?"

टापटीपरावांनी खुर्ची ओढली, पहिला नंबर फिरवला आणि ते खाकरले. "नमस्कार. तुमच्या दातांची मापं माझ्या हातून गेली. चूक पूर्ण माझी. तुमचे दात पाठ असलेलं घरात कोणी आहे का?"