भरतीच्या वेळेचे नमुने

मंगळवारी सकाळी मिलिंद गेला. परळहून त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्याचं-माझं बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते...

मैत्री शाळेपासूनची. तो पुढे कॉलेजच्या रसायनशाळेत साहाय्यक झाला, मी ग्रंथपाल. निवृत्तीनंतर दोघंही वॉर्डाच्या एका समितीवर नागरिक सदस्य म्हणून गेलो. पावसाच्या पाण्याबरोबर गॅरेजांचं तेल, बाजाराची घाण शिवडीच्या खाडीत वाहून जाते. ती अडवायला सरकारी अनुदानातून नाल्याच्या तोंडाशी खडी-वाळूचा गाळणथर बांधला होता. पाणी सुधारल्याचा अहवाल, त्यावर आमच्यापैकी निदान एकाची सही, मग अनुदानाचा पुढचा हप्ता, असा क्रम होता.

पाण्याचे नमुने घ्यायला वॉर्डाचा अभियंता आम्हाला दर खेपेस वेगळ्या वेळी बोलावे. बाटलीतलं पाणी स्वच्छ दिसे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मिलिंदने मात्र प्रत्येक नमुन्याची वेळ वहीत टिपली आणि भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिली. प्रत्येक वेळ भरतीची होती.

"अरे, समुद्र नाल्यात शिरतो आणि हे तोच बाटलीत भरतायत! ओहोटीला या म्हणावं, नाक धरून पळतील."

त्याने सही नाकारली. मग अभियंता माझ्या घरी आला. "सर, तुम्ही तरी समजून घ्या, सगळं काम अडलंय." मी सही केली. का केली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. भिडेपोटी असावी.

"पानं तपासल्याशिवाय पुस्तक परत न घेणारा तू," मिलिंद म्हणाला, "आणि इथे डोळे मिटून? काय दिलं रे त्यांनी?"

"काही नाही. मीच त्याला चहा दिला."

तो हसला नाही. नंतर नाक्यावर दिसलो तरी मान वळवायचा.

मिलिंदला आदरांजली वाहायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी अभियंता फुलं घेऊन आला. निघताना वहिनींना हळूच म्हणाला, "मिलिंद सरांच्या काही नोंदी असतील तर आमच्या फाइलला लागतील." सगळे गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, त्याची वही त्यांना देऊ नका. मला द्या. मी सही मागे घेतोय, अर्जाला जोडतो."

त्यांनी कपाटाला किल्ली लावली.

"त्यांनीच पाठवलंय का तुम्हाला, भावोजी?"

अर्ज मी वहीशिवायच दिला. उत्तर आलेलं नाही. वही वहिनींच्या कपाटात आहे. अहवालावर माझी सही आहे.