माझ्या मशीनवर बोलत होतं

वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये काट्याला लागून छोटी खोली आहे. ट्रक काट्यावर चढला की त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक हिरवी खिडकी उघडते आणि तिच्यात वीतभर आकड्यांत वजन दिसतं. ती खिडकी मी बनवली. मिलमालकाला आजही वाटतं की ती कॉम्प्युटरच्या खोक्यातूनच निघाली. मी त्याचा गैरसमज दूर करत नाही. आपलं काम खोक्यातून आल्यासारखं दिसावं, याहून मोठी दाद या धंद्यात मिळत नाही.

धंदा असा : बटणांचे, खिडक्यांचे छोटे प्रोग्राम बनवायचे आणि पेन ड्राइव्हवर घालून ज्याच्या त्याच्या मशीनवर बसवून द्यायचे. आता सगळं मोबाइलवर असताना हे घेतं कोण, असं लोक विचारतात. ज्याच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर आहे आणि ज्याचं इंटरनेट लाइटीबरोबर जातं, तो घेतो. बालाघाट जिल्ह्यात अशी टेबलं पुष्कळ आहेत.

पुढची गोष्ट मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात. मीच तशी सांगतो. आवाज काढतो, हातवारे करतो. इथं मात्र ती झाली तशी लिहितो.

माझा एक मित्र लांजीच्या रस्त्यावरच्या सरकारी शाळेत गणित शिकवतो. शाळा हिंदी, मास्तर मराठी, आणि गणित दोघांच्या मध्ये कुठंतरी. तीस वर्षांची आमची दोस्ती. एका दुपारी तो दुकानात आला, स्टूल ओढून बसला आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, "इंजिनेर, माझा गळा काढून राह्यले."

इंजिनिअर मी नाही, बी.कॉम.ला दोनदा बसलेला माणूस आहे. पण तो मला तेच म्हणतो.

"कोण काढून राह्यलं?"

"नागपूरचे डॉक्टर. बिडीनं खाल्ला म्हणते. आता समोर भोक ठेवतीन, श्वास घ्यायले. बोलणं बंद."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हात वर केला, वर्गात करतो तसा.

"रडू नको बे. काम आहे. नोकरीची चार वर्षं राह्यली. बोलता येत नाही म्हटलं तं मले वर्गातून उठवून ऑफिसात बसवतीन, पोट्ट्यायच्या जेवणाचे तांदूळ मोजत. मले वर्ग सोडायचा नाही. तुझं मशीन ट्रकचं वजन सांगते ना? मग माझं गणित सांगन तर काय बिघडते?"

कॉम्प्युटरचा तयार आवाज मिळतो, तो मी त्याला ऐकवला. डोळे मिटून त्यानं तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाला, "हा तं रेल्वे टेसनवरचा आहे. पोट्टे पाटीकडे पाहायचं सोडून गाडीची वाट पाहतीन."

मग ठरलं की ऑपरेशनच्या आधी त्याचाच आवाज भरून घ्यायचा. एकेक वाक्य, एकेक बटण. ऑपरेशननंतर खांदाही नीट उचलता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून बटणं मोठी, तळहाताएवढी. मोबाइलचा प्रश्नच मिटला. लागोपाठ चार दुपारी दुकानाचं शटर अर्धं पाडून, पंखा बंद करून आम्ही घामात बसलो. "शून्य से भाग नहीं जाता." "पीछे वाले, हँसना बंद." "जिसको नहीं आया वो हाथ उठाए, जिसको आया वो भी उठाए." घरच्यांसाठी मराठी वाक्यं वेगळी. भाजीत मीठ नाही, पाणी आलं, पेपर कुठी गेला. एकदा त्यानं मला बाहेर जायला सांगितलं आणि एकटंच काहीतरी भरलं. मी शटरपलीकडे उभा होतो. मला ऐकू आलं, ते मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर फाटकाची कडी काढताना तो बायकोला जशी हाक मारतो, ती होती. "ऐकलं का वं?" इतकंच. नाव घेण्याची आमच्यात रीत नाही.

आता तंत्राची गोष्ट, थोडक्यात. मास्तरच्या घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज. शाळेला मिळालेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स. त्याच्या पुण्याच्या लेकीकडे मॅक, आणि तिलाही हा प्रोग्राम हवा होता. एकच प्रोग्राम तीन तऱ्हेच्या मशीनवर चालवणं म्हणजे एकच नाटक तीन गावांत करणं. संवाद तेच. पण एका गावी पडदा आखूड पडतो आणि बटणं खिडकीबाहेर जातात, दुसऱ्या गावी अक्षरांच्या वेलांट्या भलत्याच डोक्यावर बसतात, आणि तिसऱ्या गावी वेशीवरच अडवून विचारतात, आधी सांगा तुम्ही कोण. माझ्या प्रोग्रामवर दर ठिकाणी इशारा येतो की याचा कर्ता अनोळखी आहे. मास्तरनं तो इशारा वाचला आणि म्हणाला, "त्याले सांग, तीस वर्षं झाली, मी अजून ओळखलो नाही, तर तू कुठून ओळखशीन."

विंडोजचं काम झालं. मी म्हटलं, दाबून पाहा. त्यानं हात मागं घेतला.

"नाही. जोवर गळ्यातला चालू आहे तोवर पेटीतला ऐकत नाही. नागपूरहून आलो की दाबतो."

तो गेला. राहिलं लिनक्स; मॅकचं लेक आली की तिच्याच मशीनवर करायचं होतं. माझ्याकडे मशीन एकच. त्यामुळे माझी रीत ठरलेली : विंडोजवरचं काम संपलं की ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं, मशीन पुसायचं, लिनक्स बसवायचं, तिथलं काम करायचं, मग परत पुसायचं. वर्षानुवर्षं हेच करत आलो. पुसण्याआधी मी पेन ड्राइव्हवरून प्रोग्राम चालवून एकूण एक बटण दाबलं. एकूण एक बोललं. मास्तर दुकानात भरून राहिला होता. मी खूश होऊन टाळी वाजवली. लिनक्सनं विचारलं, सगळी डिस्क पुसू का? मी हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणतो.

त्याच आठवड्यात नागपूरला ऑपरेशन झालं. वहिनींचा फोन आला, "झालं भाऊजी. डोळे उघडले. बोलायले गेले अन् मग आठवलं त्यायले."

लिनक्सवर खिडकी उघडली तेव्हा ती विंडोजपेक्षाही देखणी दिसत होती. बटण दाबलं. गप्प. मी हसलो. लिनक्सवर आवाजाची खटपट पहिल्यांदा थोडीच होती. दोन दिवस मी स्पीकर बदलले, वायरी बदलल्या, सेटिंग उलटीपालटी केली. वहिनींना फोनवर म्हणालो, "जरा आवाजाचं पाहून राह्यलो, बाकी सगळं तयार आहे." तिसऱ्या दिवशी सहज एक गाणं लावलं. गाणं खणखणीत वाजलं.

तेव्हा मी प्रोग्रामची ती ओळ उघडली.

पहिल्या दुपारी घाईत मी तिच्यात लिहिलं होतं की आवाज माझ्या डी ड्राइव्हवरच्या "मास्तर" नावाच्या फोल्डरमधून घ्यावा. आत्तापुरतं, असं मनात म्हणून. नंतर बदलू. आवाज प्रोग्रामात नव्हताच. प्रोग्रामात आवाजाचा पत्ता होता. माझ्या मशीनवर तो त्या पत्त्यावर जायचा, आवाज घरात सापडायचा, म्हणून बोलायचा. पेन ड्राइव्हवर पत्ता गेला होता. घर मी पुसलं होतं.

समोरच्या चहावाल्यानं विचारलं, "भैया, तबीयत ठीक है?" मी हो म्हणालो.

डिस्क काढून गोंदियाच्या गाडीनं नागपूरला गेलो. तिथं एक माणूस पुसलेलं परत काढून देतो. दोन दिवसांनी त्यानं एक फोल्डर दिलं. बहुतेक नुसती खरखर. काही अर्धी वाक्यं, शेपटी नसलेली. पुरं, स्वच्छ असं एकच निघालं. भरणं सुरू करताना मास्तर खोकला होता आणि म्हणाला होता, "सुरू झालं का बे?"

मास्तरचा दवाखाना तिथून दीड किलोमीटरवर होता. मी गेलो नाही. तशीच गाडी पकडून परत आलो.

तो घरी आल्यावर मात्र जावं लागलं. गळ्यावर पांढरी जाळी, मांडीवर पोरांची पाटी. मी सगळं सांगितलं, एकाही विनोदाशिवाय. माझ्या तोंडून असं काही तो पहिल्यांदाच ऐकत असेल. त्यानं पाटीवर लिहिलं, "किती वाचलं?"

मागून आणलेल्या लॅपटॉपवर मी ते एक वाजवलं. "सुरू झालं का बे?"

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता. आवाजाशिवाय हसणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. जाळीखालून फक्त हवा येत-जात होती. त्यानं बोटानं खूण केली, परत. मी परत वाजवलं. सहा-सात वेळा ऐकल्यावर त्यानं स्वतःच लॅपटॉपचं झाकण लावलं आणि पाटी पुसून लिहिलं, "शाळेत चालणार नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, माझ्यासाठी काही भरलं होतं का ह्यायनं?"

मी मास्तरकडे पाहिलं. तो पाटीकडे पाहत होता.

"एक होतं," मी म्हणालो. "फाटकावरची हाक."

"तेबी गेलं?"

"हौ."

त्या आत गेल्या. थोड्या वेळानं चहा उतू गेल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.

आठ दिवसांनी मास्तरचा निरोप आला. गेलो तर एका वहीत सगळी वाक्यं पुन्हा लिहिलेली, क्रमांक घालून, आणि ती वही वहिनींच्या हातात. त्यानं पाटीवर लिहिलं होतं, "ही बोलन."

"मी कायले बोलू शाळेत?" वहिनी म्हणाल्या. "सातवी शिकली मी. पोट्टे हासतीन. सांगा ना ह्यायले भाऊजी."

त्यानं त्या शब्दांखाली रेघ ओढली. मग अजून एक.

परत अर्धं शटर, परत बंद पंखा. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन माइकसमोर बसल्या. पहिले दोन तास त्यांचा आवाज माइकपर्यंत पोचेना. मास्तरनं शुद्ध हिंदीत लिहिलं होतं, "पीछे बैठे बच्चे कृपया शांत रहें." वहिनींनी ते वाचलं, वही खाली ठेवली आणि म्हणाल्या, "असं सांगून कोणी चूप बसते का?" मग माइककडे वळून कडाडल्या, "ए पीछेवाले! दाँत अंदर!" मास्तरनं अंगठा वर केला. त्यानंतर त्यांनी एकही वाक्य वहीतल्यासारखं म्हटलं नाही.

या वेळी आवाज मी प्रोग्रामच्या पोटात घातले. आणि माझ्या मशीनवर विश्वास न ठेवता पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्या मशीनमधून वहिनी ओरडल्या, "कॉपी निकालो!" हिंदी शाळेत कॉपी म्हणजे वही; रांगेतल्या एका माणसानं मात्र खरंच खिशातून झेरॉक्सचा कागद काढला. हे सांगताना मी आजही तो माणूस होऊन दाखवतो.

शाळेच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम बसवायला मी स्वतः गेलो. सातवीचा वर्ग. मास्तर आत आला. पोरं उभी राहिली, गळ्याकडे पाहून गप्प झाली. त्यानं फळ्यावर भागाकाराचं उदाहरण मांडलं, डाव्या हातानं उजवा कोपर उचलून धरला आणि पहिलं बटण दाबलं.

"बैठ जाओ सब. अन् नाटक नहीं," वहिनी म्हणाल्या.

वर्ग फुटला. मुलींनी तोंडावर ओढण्या धरल्या. कोणीतरी बाकावर डोकं आपटून हसलं. मास्तर थांबला, त्यांचं होऊ दिलं. हसू ओसरल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, ये कौन बोल रहा है?"

मास्तरनं खडू घेतला आणि उदाहरणाशेजारी लिहिलं, "मैं."

मग तो स्पीकरकडे पाहत राहिला. पुढचं बटण त्यानं बऱ्याच वेळानं दाबलं. पोरं पुन्हा हसली, तो नाही. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तास संपेपर्यंत तो दर वाक्यानंतर तसाच स्पीकरकडे वळत होता.

संध्याकाळी वहिनी फाटकाशीच उभ्या होत्या.

"हासले का पोट्टे?"

"लय हासले."

"अन् हे?"

मी आयुष्यभर गोष्टी फुगवून सांगत आलो. एवढी लहान थाप कधी मारली नव्हती.

"तेही," मी म्हणालो.