पन्नासची लेन्स

मी परगावी राहून शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवतो. त्यामुळे पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायला राजापेठेतल्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदार मलाच लेन्स समजावून सांगायला लागला हे मला झोंबलं.

कॅमेरा घ्यायचा होता तो ताईसाठी. आईबाबा नव्हते, तेव्हा तिच्यासाठी स्थळं बघायचं काम माझ्यावर आलं होतं. अकोल्यातल्या स्टुडिओवाल्याने तिला पीठ फासल्यासारखी गोरी करून ठेवली होती. बायोडेटासोबत तिचा खरा फोटो जावा, एवढंच मला हवं होतं.

दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या, एक पन्नास मिलिमीटरची आणि एक अठरा ते पंचावन्नची.

"सर, चेहरेच काढाचे असन तं हे पन्नासवाली घ्या. मांगं सरकून काढा लागते, पण चेहरा जसाच्या तसा येते. हे अठरा-पंचावन्न हाय, याच्यात सारी खोली मावते, पण हे घेऊन लय जवळ जाऊ नका."

"आमची खोली दहा फुटांची हाय. मांगं सरकून काय भिंतीत घुसू?"

"मंग गच्चीवर न्या ना बहिणीले."

मी अठरा-पंचावन्न घेतली. पोरांना भिंगं शिकवणाऱ्याला हा काय शिकवणार, असा माझा तोरा होता.

त्या रविवारी अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी ताईने आईची मोरपंखी साडी नेसली. मी लेन्स अठरावर, म्हणजे सगळ्यात रुंद दिसेल अशी ठेवली, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर उभा राहिलो आणि "मान वर, खांदे सरळ" असं वर्गातल्यासारखं ओरडत वीसेक फोटो काढले. मग तिने स्क्रीनवर पाहिलं. नाक भलतंच पुढे आलेलं, कान मागे दडलेले.

"माहं नाक असं हाय काय रे?"

माझ्या कॅमेऱ्यावर शंका घेतली म्हणून मला रागच आला.

"ताई, कॅमेरा खोटं बोलत नसते," मी म्हणालो.

बायोडेटासोबत तेच फोटो गेले, नकार आले. ते फोटोमुळेच आले असं मी म्हणू शकत नाही. पण दोनेक वर्षांत तिनेच मला स्थळं बघणं थांबवायला लावलं. आधी ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं हसायची. त्या रविवारनंतर हसताना नाकावर हात धरू लागली, तो अजून धरते.

गेल्या वर्षी क्लासच्या फ्लेक्ससाठी मी सगळ्या सरांचे फोटो काढले. तीच लेन्स, तसंच जवळून. गणिताच्या सरांनी स्वतःला पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

"फेका तो कॅमेरा! हे काय माहं नाक हाय?"

स्वतःच्या नाकाबद्दल त्यांना क्षणभरही शंका आली नाही. मला मात्र ताईचा तोच प्रश्न आठवला. जवळची वस्तू मोठी दिसते, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

त्याच संध्याकाळी पन्नासची लेन्स आणली. रविवारी अकोल्याला गेलो, ताईला ओढतच गच्चीवर नेलं आणि कठड्याला पाठ टेकेपर्यंत मागे सरकलो. फोटो ताईसारखाच आला. कानाजवळ पांढरे झालेले केस, जरा घाबरलेले डोळे आणि आईचं असायचं तसं सरळ, बेताचं नाक. मग मी तिला सगळं सांगितलं. दुकानदाराचं, अंतराचं, माझ्या शहाणपणाचं. माफी मागताना मला रडू आलं.

तिने फोटो नीट पाहिला. मग पदराने स्क्रीन पुसून तिने कॅमेरा माझ्या हातात दिला.

"मले बरं वाटावं म्हणून एवढं कराची काई गरज नोती," ती म्हणाली. "मी कशी दिसतो ते मले मालूम हाय. तूनंच तं दाखवलं होतं."