कानशीनं उगवलेला बहावा

सिरसाळ्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मी बसवलेलं गेट भूकंपातसुद्धा हलणार नाही, असं मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतो. अजून भूकंप न आल्यामुळे मला कुणी खोटं पाडलेलं नाही. पण माझी खरी कारागिरी बघायची तर माझ्या घराच्या गेटाशेजारचा बहावा बघा. अख्ख्या बालाघाटात तसा पिवळा सापडायचा नाही. तो फुलला आणि हळदीला निघालेले पाहुणे चुकून आमच्याच दारात आले.

बायकोचं माहेर चकलांब्याकडचं. त्यांच्या वस्तीच्या वळणावर एक जुना बहावा होता. रस्ता रुंद झाला, त्यात तो गेला. ती माहेराहून आली ती कुणाशी धड बोलेना. पिशवीत फक्त एक शेंग आणली होती, लांब, काळपट, हलवली की खुळखुळ्यासारखी वाजणारी.

“ह्यातून एक तरी झाड उगवंल का वो?” तिनं विचारलं.

“एक? जंगल उभं करतो!”

तिला सोडायला आलेला माझा मेहुणा तिथंच चहा पीत होता. तो अंबाजोगाईला नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात माझी चेष्टा. म्हणाला, “दाजी, तुमच्या हातानं आजवर गंज सोडून काय उगवलंय?”

झाड तर गेलेलं, शेंग एकच. बिया संपल्या की बायकोचा बहावा कायमचा संपला.

शेंग फोडली, चिकट गरातून चपट्या बिया काढल्या. थोड्या कुंडीत पेरल्या. पावसाळा सरला तरी काही नाही. उकरून पाहिलं तर बिया जशाच्या तशा, उलट जास्तच चकचकीत. कुणी म्हणालं, गरम पाण्यात टाका. मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. परत येऊन बघतो तर उसळ झालेली! मग हातोडी घेतली. बी निसटली ती शेजाऱ्याच्या पत्र्यावर अशी आदळली, की गारा पडल्या म्हणून तो वाळवण उचलायला पळाला.

उरलेल्या बिया बायकोनं पदराला गाठ मारून ठेवल्या. “आता एकबी देणार न्हाई तुमाला.”

मी तिलाच दुकानात घेऊन गेलो. एक बी पकडीत धरली आणि बारीक कानस कडेला हळूच फिरवली. लोखंड घासताना मी गाणी म्हणतो. त्या दिवशी श्वाससुद्धा घेतला नाही. कडक साल गेली, आतला पांढरा ठिपका दिसला, तिथंच थांबलो. बाकीच्या बिया तिनं घासल्या, माझ्यापेक्षा सफाईनं, पण हे मेहुण्याला सांगू नका. भिजत घातल्या तर सकाळी फुगून टरटरीत. रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या आणि काही दिवसांतच कोंब माना वर काढून उभे!

त्यातलं सगळ्यात जोमदार रोप गेटाशेजारी लावलं. त्याला अशी अँगलची जाळी केली, की शेळ्या लांबूनच रस्ता बदलायच्या. झाड वाढलं. पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांनी पानं खाल्ली, पुन्हा फुटली. फूल मात्र येईना. मेहुणा दर उन्हाळ्यात यायचा आणि वर बघून विचारायचा, “दाजी, फुलं वेल्डिंग करून लावायची का?” बायको नुसती बादली ओतून आत जायची.

यंदा एप्रिलात एका सकाळी तिनं अशी हाक मारली, की मी चप्पल न घालता धावलो. झाडभर पिवळे घोस लोंबत होते. मेहुण्याला मीच फोन लावला. तो आला आणि तोंड उघडं ठेवून वर बघत राहिला. एक पाकळी थेट आत गेली, देवाशपथ.

“बोल की बे आता!”

“लई भारी हाय दाजी,” तो म्हणाला. मग बहिणीकडं वळला. “पण ताई, आपल्या वळणावरचा बहावा…”

ती वर बघतच म्हणाली, “त्यो जरा फिकाच व्हता.”

आमच्या साऱ्या संसारात तिकडचं ताक, तिकडचं पाणी, तिकडचं ऊनसुद्धा इकडच्यापेक्षा सरस होतं. मी म्हणालो, “पुन्हा एकदा म्हण की!” ती पदर तोंडाला लावून हसत आत गेली. न म्हणू दे. साक्षीदार तिच्याच माहेरचा होता.