सहादूची गाडी आणि चांगुणाचं दही

चांगुणाचा आवाज तापला की भिंतीपलीकडच्या माणसाला कान लावावा लागत नसे. त्र्याहत्तर सालची थंडीतली सकाळ होती.

"याला दही म्हणायचं का ताक? खाणावळवाली कुसाबाई म्हणली, गाडीतनं आणलं का रवीनं घुसळून?"

"कमानीला पाटे जादा टाकलेत गं," सहादू म्हणाला. " मऊ गाडी वळणावर लोळती."

"शर्यत वर्षातनं एकदा, दही रोज. आता एकदा जरी कुसाबाईकडं मोडलेलं दही गेलं तर गाडी विकायची. कबूल?"

सहादूनं जरा वेळ गाडीकडं पाहिलं, जरा वेळ बायकोकडं. मग म्हणाला, "कबूल."

सहादू ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. घर गंगापुरात, घरामागं चांगुणाच्या चार म्हशी. देवळालीच्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याची जुनी गाडी सहादूनं घेतली. लाल, बुटकी, दोन दारांची, मागची सीट नावापुरती. कामावर जाता जाता दह्याचे डबे नाशकात कुसाबाईच्या खाणावळीत पोचवीन, तुझा यष्टीतला त्रास वाचेल, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. खरी ओढ होती ती शहराबाहेरच्या माळावर दर हिवाळ्यात होणाऱ्या मोटारींच्या शर्यतीची. तिथं तर पळायचंच होतं.

एका चुलीवर दोन सुना नांदवाव्यात तशी त्यानं मग ती गाडी नांदवली. मागच्या चाकांवरच्या कमानीला, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगला, दोन जादा पाटे असे बसवले, की शर्यतीला चढवायचे आणि दह्याला उतरवायचे. सायलेन्सरला झाकण केलं. ते उघडलं की गाडी वाघासारखी गुरगुरायची. पण म्हशी बिचकून पान्हा चोरायला लागल्या, तेव्हा झाकण फक्त माळावरच उघडायचं ठरलं. रोज संध्याकाळी दह्यानं भरलेला तांब्या शेजारच्या सीटवर ठेवून तो पार नाशिकपर्यंत जाऊन यायचा. दह्याला पाणी सुटलं की पुन्हा जॅक लावायचा. असे दोन महिने गेले, डबे तोवर यष्टीनंच जायचे. त्या दोन महिन्यांत आळीतल्या पोरांनी मोडलेलं दही इतकं खाल्लं, की त्यांना सर्द्या झाल्या.

पुढं पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. अठ्ठ्याहत्तर साली शर्यतीच्याच रविवारी कुसाबाईचा सकाळी सकाळी निरोप आला. खाणावळीत लग्नाची पंगत आहे, आठ डबे नऊच्या आत पाहिजेत. जादा पाटे तर सहादूनं आदल्या संध्याकाळीच चढवून ठेवलेले. उतरवून पुन्हा चढवायचे म्हणजे अडीच तास, आणि शर्यत साडेदहाला.

"राहू द्या मग शर्यत," चांगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं सहादूला जास्तच लागलं.

तो गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. ओट्यावर त्याची आत्या रंगूबाई आणि शेजारची अक्काबाई लसूण सोलत बसल्या होत्या. दोघी चांगल्या भरल्या अंगाच्या. सहादूचे डोळे चमकले. कमान कडक खरी, पण बैलगाडीसुद्धा रिकामी असली की आदळते आणि भरली की डुलत चालते.

"आत्या, अक्का, चला, लग्नाला नेतो."

"कुणाच्या लग्नाला रं सह्या?"

"मला बी नाय ठाव. मागं बसा फक्त."

दोघींना मागं कोंबायला आळीतल्या तीन बायांचे हात लागले. गाडी मागून अशी बसली, की सहादू हसला. "मला वझं म्हणून नेतोस व्हय?" रंगूबाईनं विचारलं. "वझं नाय आत्या, बैठक," तो म्हणाला. चांगुणा दोन डबे मांडीवर घेऊन पुढं बसली, बाकीचे डिकीत. वाटभर तिनं झाकणावरचा हात काढला नाही.

कुसाबाईनं आठही डबे एकेक करून तिरपे केले. दही हललं नाही. "आज कशातनं आणलं?" तिनं विचारलं. चांगुणानं मागच्या सीटकडं बोट केलं.

बायांना घरी सोडायला वेळच नव्हता. गाडी तशीच माळावर गेली. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "या कोण?"

"गाडीचे सुटे भाग," रंगूबाई म्हणाली, आणि गाडी आत गेली.

बाया उतरल्या, झाकण उघडलं, गाडी गुरगुरली. नऊ गाड्यांत सहादू तिसरा आला. जरा हिरमुसला, तेव्हा आत्या म्हणाली, "पुढच्या दोघांनी सकाळी दही पोचवलं होतं का?"

"नाय."

"मग त्यांचं काय सांगतोस."

सत्त्याऐंशी साली चांगुणाचे गुडघे थकले. म्हशी तिच्या भावाकडं द्यायचं ठरलं आणि दह्याचा धंदा मिटला. शेवटचे तीन डबे भरताना ती म्हणाली, "आज मोडलं तरी चालंल. गाडी काय आता विकायची नाय."

"बरं," सहादू म्हणाला. डब्यांना ओलं फडकं बांधलं, डिकीत गोणपाट अंथरलं. गंगापूर रोडवरचा प्रत्येक खड्डा नेहमीसारखाच हळू काढला. खाणावळीत कुसाबाईच्या सुनेनं डबे तिरपे करून पाहिले आणि दही घट्ट आहे म्हणून मान डोलावली. त्यानं रिकामे डबे नळावर विसळले, डिकीत ठेवले आणि पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी ओझरला पोचला.